लिमिटेड एडिशन स्विस घड्याळं जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी लिमिटेड एडिशन स्विस मनगटी घड्याळं बघते, त्यांच्याबद्दल वाचते आणि जमेल तेव्हा एखादं घेते. या छंदात नव्याने आलेले लोक भेटले की तेच ते प्रश्न विचारतात, आणि ते विचारायलाच हवेत असे आहेत. पैसा मोठा असतो आणि चूक झाली की निस्तरता येत नाही. म्हणून मला जे नीट माहीत आहे ते इथे एकत्र लिहून ठेवलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी घाई केलेली मला पटत नाही.

‘लिमिटेड एडिशन’ म्हणजे नेमकं काय?

अमुक घड्याळाचे इतकेच नग बनवू, त्यापुढे एकही नाही, असं कंपनीने आधीच जाहीर केलेलं असतं. हा आकडा बहुतेक वेळा मागच्या झाकणावर कोरतात.

गोंधळ होतो तो शेजारच्या शब्दांमुळे. ‘स्पेशल एडिशन’ म्हणजे वेगळा रंग, वेगळी तबकडी किंवा एखादं निमित्त. नग किती यावर काही बंधन नाही. ‘लिमिटेड प्रॉडक्शन’ म्हणजे बनवायला वेळ लागतो म्हणून दरवर्षी थोडीच येतात, पण एकूण किती येणार ते कोणी सांगितलेलं नसतं. ‘बुटिक एडिशन’ फक्त कंपनीच्या स्वतःच्या दुकानात मिळतं, एवढाच त्याचा अर्थ.

ओमेगाच्या स्पीडमास्टर या मॉडेलची स्नूपी या कार्टून कुत्र्याचं चित्र असलेली घड्याळं आहेत, त्यांत हा फरक चांगला दिसतो. अपोलो १३ हे नासाचं चांद्रयान संकटात सापडलं तेव्हा अंतराळवीरांनी १४ सेकंदांचं इंजिन-प्रज्वलन मनगटावरच्या स्पीडमास्टरवर मोजलं आणि १९७० मध्ये ओमेगाला नासाचा ‘सिल्व्हर स्नूपी’ पुरस्कार मिळाला. त्याच्या आठवणीत २००३ मध्ये आलेलं घड्याळ ५४४१ नगांचं होतं. ती मोहीम १४२ तास ५४ मिनिटं ४१ सेकंद चालली, त्यातला शेवटचा भाग हा आकडा. २०१५ चं घड्याळ १९७० नगांचं. २०२० मध्ये तिसरं आलं ते मात्र लिमिटेड नव्हतंच. तिन्हींवर स्नूपी आहे आणि तिन्हींना मागणी आहे, पण विक्रेता सरसकट ‘लिमिटेड स्नूपी’ म्हणाला तर कोणत्या वर्षाचं ते आधी विचारा.

झाकणावर ‘१२/१००’ लिहिलेलं असतं आणि काहींवर नुसतं ‘१०० पैकी एक’. फरक पडतो का?

पडतो. पहिल्या पद्धतीत प्रत्येक घड्याळाला स्वतःचा क्रमांक असतो. तुमचं बारावं, म्हणजे जगात दुसरं बारावं असूच शकत नाही. हा क्रमांक कागदपत्रांशी ताडता येतो, जुन्या लिलावांच्या कॅटलॉगमध्ये शोधता येतो, आणि तोच क्रमांक दोन वेगळ्या घड्याळांवर दिसला तर त्यातलं एक खोटं आहे हे लगेच कळतं. ‘१०० पैकी एक’ हे वाक्य शंभरही झाकणांवर सारखंच असतं. तिथे ओळख पटवायला केवळ सिरीयल नंबर उरतो.

क्रमांक कोणता यावर लोक जास्त पैसे मोजतात. पहिला, शेवटचा, १००, ७७७ अशा आकड्यांना मागणी असते. मला स्वतःला त्यासाठी अधिक रक्कम मोजावीशी वाटत नाही. क्रमांकांची मला भावलेली एकच गोष्ट आहे. घड्याळजी एफ. पी. जोर्न यांनी १९९९ मध्ये स्वतःच्या नावाने काम सुरू केलं तेव्हा भांडवल उभं करण्यासाठी पहिली २० टूर्बियाँ घड्याळं (ठोके देणारी यंत्रणा फिरत्या पिंजऱ्यात बसवलेली) आगाऊ पैसे घेऊन विकली. दोनशे वर्षांपूर्वी घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे हेच करत असत: किमतीचा चौथा हिस्सा आधी, उरलेले पैसे घड्याळ हाती आल्यावर. जोर्न यांच्यावर नाव नसताना विश्वास टाकणारे ते वीस जण होते. त्या घड्याळांवरच्या क्रमांकामागे एक माणूस उभा आहे, म्हणून तो आकडा मला महत्त्वाचा वाटतो.

मग कमी नग म्हणजे दुर्मीळ, असं समजायचं का?

नाही. या छंदात मला आग्रहाने सांगावंसं वाटतं ते हेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

लिलावात ज्यांच्यासाठी माणसं अक्षरशः जीव टाकतात, त्यातली बरीच घड्याळं दुर्मीळ व्हावीत म्हणून कोणी बनवलीच नव्हती. अमेरिकी अभिनेते पॉल न्यूमन यांच्या मनगटावरचं रोलेक्स डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. त्या प्रकारची तबकडी साठच्या दशकात लोकांना फारशी आवडत नसे. खपत नव्हती म्हणून कमी बनली, कमी बनली म्हणून आज सापडत नाही. त्यावर कुठेही आकडा कोरलेला नाही. मागे पत्नीने कोरून घेतलेलं ‘जपून गाडी चालव’ एवढंच आहे.

दुसरं उदाहरण पाटेक फिलिपच्या १५१८ या मॉडेलचं. शाश्वत दिनदर्शिका (लीप वर्षासकट तारीख आपोआप बरोबर दाखवणारी) आणि क्रोनोग्राफ (बटण दाबून वेळ मोजणारी यंत्रणा) एकत्र असलेलं हे घड्याळ १९४१ पासून मालिकेत बनू लागलं आणि एकूण २८१ बनली. जवळपास सगळी सोन्यात. पोलादातली आजवर चारच माहीत आहेत, आणि त्यातलं एक २०१६ मध्ये जिनिव्हात १ कोटी १० लाख फ्रँकला विकलं गेलं. सोन्याचं घड्याळ मागे पडलं आणि पोलादाचं पुढे गेलं.

रॉयल ओक या घड्याळाचंही तसंच. बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांनी स्विस उद्योगाचं कंबरडं मोडायला सुरुवात केली होती. १९७० च्या सुमारास तिथे ९० हजारांच्या आसपास लोक या धंद्यात होते, ऐंशीच्या दशकात ते तीस हजारांवर आले. त्या दिवसांत, १९७२ मध्ये, ऑडमार पिगे या कंपनीने डिझायनर जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेलं पोलादी घड्याळ ३३०० फ्रँकला विकायला ठेवलं. सोन्याचं घड्याळ याहून स्वस्तात मिळत होतं. कोणी ‘लिमिटेड’ म्हटलं नव्हतं, तरी आज पहिल्या, म्हणजे ए-सिरीजच्या घड्याळामागे जाणकार धावतात.

कंपनीने ठरवलेला आकडा म्हणजे केवळ बनलेल्या नगांची वरची मर्यादा. खरी दुर्मिळता ठरते ती तीन गोष्टींवरून: त्यातले मूळ स्थितीत किती उरले, त्यांच्यात असं काय आहे जे दुसरीकडे मिळत नाही, आणि आजपासून वीस वर्षांनी ते कोणाला हवं असेल. ५० नगांचं घड्याळ केवळ पट्ट्याच्या रंगामुळे वेगळं असेल तर त्या पन्नासांना फारसा अर्थ नाही. एखादी कंपनी वर्षाला डझनभर ‘लिमिटेड’ काढत असेल, तर तिथे आकडा असणं ही नेहमीचीच गोष्ट झाली.

घड्याळात ‘वेगळं’ काय आहे हे मी कसं ओळखू?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि आधी यंत्रणेतले पूल बघा. पूल म्हणजे चाकांना धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या. त्यांच्या कडा तिरप्या घासून आरशासारख्या चमकवलेल्या असतात. कड जिथे आत वळते, त्या आतल्या कोपऱ्यात नजर न्या. मशिनचं गोल पातं तिथे शिरू शकत नाही, ते कोपरा गोलसर सोडतं. आतला कोपरा सुईच्या टोकासारखा धारदार असेल आणि दोन चमकत्या कडा तिथे एका रेषेत भेटत असतील, तर तो माणसाने लाकडाची काडी आणि पॉलिशची पेस्ट घेऊन तासन्‌तास घासलेला आहे.

स्विस घड्याळजी फिलिप दुफूर यांचं ‘सिम्प्लिसिटी’ मी पहिल्यांदा भिंगाखाली पाहिलं तेव्हा हे कोपरे बघून बराच वेळ मला घड्याळ खाली ठेववेना. काटे तीनच, तारीखही नाही. स्वित्झर्लंडमधल्या व्हाले द जू खोऱ्यातल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांची कार्यशाळा आहे. २००० मध्ये शंभर नगांचा संकल्प केला होता, पुढे मागणीमुळे तो दोनशेपर्यंत गेला. त्याआधीचं त्यांचं ‘ड्युअ‍ॅलिटी’ तर नऊच बनलं. इथे आकडा लहान आहे कारण एका माणसाच्या हातून आयुष्यात तेवढंच होतं. दुर्मिळतेची मला पटणारी व्याख्या हीच.

तबकडीही तशीच बघा. भट्टीतल्या एनॅमलची तबकडी आठशे अंशांच्या वर पुन्हा पुन्हा भाजावी लागते आणि प्रत्येक फेरीत तडकू शकते. छापील पांढऱ्या तबकडीच्या शेजारी ठेवली की एनॅमलचा पांढरा किंचित दुधाळ आणि खोल दिसतो. फोटोत हा फरक जवळजवळ कळत नाही.

‘स्विस मेड’ लिहिलेलं असलं की निश्चिंत राहावं का?

निश्चिंत राहू नये, पण अर्थ माहीत असावा. १ जानेवारी २०१७ पासूनच्या नियमांनुसार उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला हवा, यंत्रणा स्विस हवी, ती तिथेच केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचात, बसवलेली हवी आणि अंतिम तपासणीही तिथेच व्हायला हवी. उरलेले ४० टक्के कुठूनही येऊ शकतात. हा कायद्याचा किमान उंबरठा आहे. महागड्या घड्याळ-घराण्यांचं काम त्याच्या बरंच वर असतं.

क्रोनोमीटर प्रमाणपत्र आणि जिनिव्हा सील यांत फरक काय?

पहिलं अचूकतेचं. अधिकृत स्विस संस्थेत यंत्रणा १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासतात. दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढी मुभा असते. जिनिव्हा सील १८८६ पासूनचा आहे आणि तो मुख्यतः कारागिरीसाठी आणि ते काम जिनिव्हा परगण्यात झालं यासाठी ओळखला जातो. दोन्ही नसलेली उत्तम घड्याळंही आहेत. पाटेक फिलिपने २००९ मध्ये जिनिव्हा सील सोडून स्वतःचा शिक्का आणला.

पहिलं लिमिटेड एडिशन कोणतं घ्यावं?

ज्या घड्याळाची साधी, नेहमीची आवृत्ती तुम्हाला आधीपासून आवडते, त्याचं. मूळ घड्याळ मनगटावर नीट बसत नसेल तर त्याचं शंभर नगांचं भावंडही बसणार नाही. आधी सहा महिने फक्त बघा. ला शो-द-फों इथलं आंतरराष्ट्रीय घड्याळ संग्रहालय किंवा जिनिव्हातलं पाटेक फिलिपचं संग्रहालय पाहण्याचा योग आला तर एक अख्खा दिवस राखून ठेवा. ते नसेल जमत तर लिलावाआधी जी प्रदर्शनं भरतात तिथे जा. तिथे घड्याळ हातात घेऊन बघता येतं, विकत घ्यावंच लागतं असं नाही, आणि कोणी हाकलत नाही.

दुकानात म्हणतात, ‘यादीत नाव लिहून ठेवतो’. नंबर कधी लागतो?

ही रांग नसते. नाव आधी आलं म्हणून घड्याळ आधी मिळतं असं नाही; जुनं गिऱ्हाईक कोण, काय घेतलंय, विकून तर टाकणार नाही ना, हे पाहून दुकानदार वाटप करतो. स्पष्ट विचारा, नम्रपणे विचारा, आणि त्या एका घड्याळासाठी नको असलेली चार घड्याळं घेऊ नका. त्या चारांवर जे बुडतं तेवढ्यात हवं ते सेकंडहँड बाजारात मिळून जातं, हा हिशोब मी अनेकांना कागदावर मांडून दाखवला आहे.

सेकंडहँड घेताना काय तपासायचं?

मी ज्या क्रमाने बघते तो सांगते.

आधी केसचे कान, म्हणजे पट्टा जिथे अडकतो ती चार टोकं. नव्या घड्याळात खरखरीत रेषांचा पृष्ठभाग आणि चकचकीत कड यांच्यामध्ये एक सरळ, कडक रेषा असते. घड्याळ तिरकं धरून खिडकीच्या उजेडात ती रेषा बघा. ती लाटेसारखी हलली किंवा पुसट झाली, तर केसला पॉलिशचं चाक लागलेलं आहे. चारही कान एकमेकांशी ताडा. एक बारीक आणि एक जाड दिसला तर पॉलिश एकदा नव्हे, अनेकदा झालंय.

मग मागच्या झाकणावरचा क्रमांक. कोरलेल्या अक्षरांच्या कडा भिंगातून धारदार दिसायला हव्यात.

इथे मी स्वतः फसले आहे. सुरुवातीच्या काळात शंभर नगांचं एक पोलादी घड्याळ मी फोटो बघून घेतलं. फोटोत ते नव्यासारखं लखलखत होतं आणि मी त्या लखलखाटालाच भुलले. हातात आल्यावर भिंग लावलं, तर क्रमांकातला ‘८’ आतून बुजत चाललेला. दोन पोकळ्या होत्या तिथे उथळ वाट्या उरल्या होत्या. कानांवरच्या कडा साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. विक्रेता म्हणाला, ‘आम्ही तुमच्यासाठी चकाचक करून दिलं.’ त्याने मनापासून केलं असेल, पण गेलेला धातू परत येत नाही. ते घड्याळ अजून माझ्याकडे आहे. शिकवायला उपयोगी पडतं.

तिसरी गोष्ट तबकडी. लिमिटेड एडिशनची तबकडी त्या मालिकेपुरतीच बनलेली असते आणि सर्व्हिसिंगमध्ये खराब झाली म्हणून साधी बसवली गेली असेल तर घड्याळाचा प्राणच गेला. काट्यांच्या ल्यूमचा, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या लेपाचा, रंग आणि तबकडीच्या ल्यूमचा रंग जुळतो का बघा. जुन्या घड्याळात दोन्ही एकाच चालीने पिवळे पडायला हवेत. काटे पांढरेशुभ्र आणि ठिपके मधाच्या रंगाचे असतील तर काटे बदलले आहेत. बदललेले असणं हा गुन्हा नाही, मात्र ते सांगितलं पाहिजे आणि भावात दिसलं पाहिजे.

शेवटी किल्ली देऊन बघा. क्रोनोग्राफचं बटण दाबल्यावर काटा उडी न मारता निघतो का, शून्यावर नेमका परततो का, तारीख मध्यरात्रीच्या आसपास बदलते का. याला पाच मिनिटं लागतात.

बॉक्स आणि पेपर्स नसतील तर?

लिमिटेड एडिशनमध्ये मी सहसा सोडून देते. चाळीस वर्षांपूर्वीच्या घड्याळाचे कागद हरवले तर समजू शकतं, पण पाच वर्षांपूर्वीच्या शंभर नगांच्या घड्याळाचे कागद कुठे गेले? क्रमांक कागदावर, झाकणावर आणि बॉक्सच्या लेबलवर एकच हवा. जुन्या घड्याळांसाठी पाटेक फिलिपसारखी घराणी स्वतःच्या दप्तरातून उतारा देतात. त्यात निर्मितीचं वर्ष आणि विक्रीची तारीख असते. तो उतारा घड्याळ जन्माला कसं आलं हे सांगतो. आज ते कुठल्या अवस्थेत आहे हे सांगत नाही.

मूळ पट्टा आणि बकल यांच्याकडे लोक दुर्लक्ष करतात. बकल मूळचंच आहे ना, एवढं जरूर बघा.

बनावट ओळखणं कितपत शक्य आहे?

सरळ नक्कल सरावलेल्या डोळ्याला बहुतेक वेळा कळते. अवघड असतं ते जुळवलेलं घड्याळ, ज्याला संग्राहक ‘फ्रँकन’ म्हणतात. त्यात भाग खरे असतात, पण ते वेगवेगळ्या घड्याळांतून आणलेले असतात.

हे थोरामोठ्यांच्याही हातून निसटतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये १९५७ च्या घडणीचं एक स्पीडमास्टर जिनिव्हाच्या लिलावात ३१ लाख फ्रँकला गेलं आणि ते घेतलं होतं खुद्द ओमेगाने, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये ते भाग जुळवून उभं केलेलं निघालं आणि कंपनीने तसं जाहीर केलं. ज्यांच्याकडे मूळ दप्तर आहे त्यांच्याबाबत हे होत असेल, तर आपण एकट्याने भिंग लावून निर्णय घेऊ नये. मोठ्या खरेदीआधी त्या एकाच मॉडेलचा अभ्यास केलेल्या कारागिराकडून झाकण उघडून तपासणी करून घ्या. विक्रेता झाकण उघडू देत नसेल तर व्यवहार तिथेच संपवा.

लिलावात बोली लावताना कशाकडे लक्ष द्यायचं?

हातोडा पडतो तो आकडा म्हणजे शेवटची किंमत नव्हे. त्यावर खरेदीदाराचं कमिशन असतं, मोठ्या लिलावगृहांत ते साधारण चौथ्या हिश्श्याच्या आसपास. वर कर आणि आयात शुल्क. म्हणून मी आधी एकूण रक्कम ठरवते आणि उलटी वजाबाकी करून बोलीची मर्यादा कागदावर लिहून ठेवते. सभागृहात समोरचा हात पुन्हा वर गेला की डोकं ठिकाणावर राहत नाही, हे मी अनुभवाने सांगते आहे.

लिलावाआधी स्थिती-अहवाल लेखी मागवा. कॅटलॉगमधले फोटो विकण्यासाठी काढलेले असतात.

धर्मादाय लिलावांचे आकडे बाजारभाव म्हणून धरू नका. ‘ओन्ली वॉच’ या लिलावात, जो डुशेन या स्नायूंच्या आजारावरील संशोधनासाठी २००५ पासून भरतो, घराणी एकमेव नग बनवून देतात. २०१९ मध्ये पाटेक फिलिपचं पोलादी ग्रँडमास्टर चाइम तिथे ३ कोटी १० लाख फ्रँकला गेलं. टिफनी या जवाहिऱ्यांच्या फिकट निळ्या रंगाची तबकडी असलेल्या, पाटेकच्याच नॉटिलस मॉडेलचे १७० नग होते. त्यातला पहिला डिसेंबर २०२१ मध्ये धर्मादाय लिलावात ६५ लाख डॉलरला गेला. त्यात देणगी आहे, हौस आहे, प्रसिद्धी आहे. तुमच्या घड्याळाचा भाव त्यावरून ठरत नाही.

गुंतवणूक म्हणून घ्यावं का?

माझं उत्तर नाही असं आहे. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत भाव चढत गेले, कोणीही उठून घड्याळाचा व्यापारी झाला आणि नंतर दोन वर्षं ते उतरत राहिले. वरच्या टोकाला उधार-उसनवार करून घेणाऱ्यांचे हाल मी जवळून पाहिले. बहुतेक लिमिटेड एडिशन दुकानाबाहेर पडताच मूळ किमतीच्या खाली जातात. चढणारी मूठभर असतात आणि बातमी त्यांचीच होते. घड्याळ व्याज देत नाही, उलट सर्व्हिसिंग आणि विमा मागतं. पैसे परत मिळाले नाहीत तरी चालेल अशीच रक्कम यात घाला.

जुन्या तबकडीवरचं रेडियम धोक्याचं आहे का?

साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अनेक तबकड्यांवर रेडियम असायचं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. अंधारात चमकणं थांबलं तरी किरणोत्सर्ग चालूच असतो. थकलेला असतो तो त्यातला चमकणारा पदार्थ. बंद घड्याळ अधूनमधून मनगटावर घालणं आणि ते घरी उघडून धूळ श्वासात घेणं यांत फार मोठा फरक आहे. उघडू नका, खरवडू नका, सांगून-सवरून माहितगार कारागिराकडेच द्या आणि उशाशी ठेवू नका. नंतर आलेल्या ट्रिटियमचं अर्धायुष्य १२ वर्षांच्या आसपास, त्यामुळे ते आता जवळपास विझलं आहे.

सांभाळायचं कसं?

कोरड्या जागी, उन्हापासून दूर. डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवा आणि त्या वेळेवर बदला. कातडी पट्टा आवळून ठेवू नका.

घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागलं तर घाबरून सर्व्हिसिंगला टाकण्याआधी होकायंत्र जवळ आणा. सुई हलली तर घड्याळात चुंबकत्व शिरलंय. केसांएवढ्या बारीक स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटू पाहतात आणि ठोके वाढतात. फोनचे आणि पर्सचे चुंबक यामागे असतात. कारागीर ते मिनिटभरात उतरवतो.

शाश्वत दिनदर्शिकेच्या घड्याळात रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख-वार हाताने बदलू नका. त्या वेळी दाते एकमेकांत गुंतलेले असतात आणि जबरदस्तीने तुटतात. घड्याळ हलतं ठेवून चालू ठेवणाऱ्या फिरत्या पेटीचा खरा उपयोग अशा घड्याळांनाच. साध्या स्वयंचलित घड्याळाला तिची गरज नाही.

सर्व्हिसिंग पाच ते सात वर्षांनी, कारण वंगण वाळतं. घड्याळ देताना अर्जावर लेखी नोंद करून घ्या: पॉलिश करू नये, तबकडी आणि काटे न विचारता बदलू नयेत, बदललेला प्रत्येक भाग पुडीत घालून परत द्यावा. शेवटचं कलम विसरू नका. जुना क्राउन (किल्ली द्यायची बाजूची गुंडी), जुनी काच, जुना काटा हे त्या घड्याळाच्या इतिहासाचेच तुकडे आहेत, आणि पुढचा संग्राहक ते मागणारच.

घालावं की तिजोरीत ठेवावं?

घालावं. ओरखडे पडतील, ते पडू द्या. मालकाच्या हातून आलेला ओरखडा आणि पॉलिशने गेलेली कड यांत मला नेहमी ओरखडाच बरा वाटतो. अगदी न वापरलेला, स्टिकरसकटचा नग असेल तर तो तसाच ठेवायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी माझे सगळे स्टिकर काढले आहेत.

माझ्यानंतर संग्रहाचं काय?

घरच्यांना यातलं काही कळत नाही असं गृहीत धरून तयारी करा. प्रत्येक घड्याळाचं एक जाड पाकीट करा. त्यात खरेदीची पावती, क्रमांकाचा आणि चारही कानांचा फोटो, सर्व्हिसिंगच्या नोंदी, काढलेले भाग आणि एका पानावर हाताने लिहिलेली माहिती: हे काय आहे, किती बनले होते, कोणाला विचारून विकावं आणि कोणत्या भावाखाली देऊ नये. घाबरलेला वारस पहिल्या येईल त्याला देऊन टाकतो, किंवा विकण्याआधी ‘जरा स्वच्छ करू’ म्हणून जवळच्या दुकानात नेतो. म्हणून माझ्या प्रत्येक पाकिटावर, माझ्या नावाच्याही वर, लाल शाईत पहिली ओळ आहे: पॉलिश करू नये.